रुपालीचं जहाज

काकीच्या घरी टीव्हीशेजारी एक हत्ती बसलेला असतो. टॉवेलचा. टॉवेल काकीचाच, घाम पुसायला पिशवीत ठेवायची तो, कडेला निळी रेघ असलेला. ती रेघ आता हत्तीच्या कपाळावरून सोंडेत उतरते. सोंड थोडी वाकली आहे, एक कान सैल पडलाय, पाठीवर घाटकोपरची धूळ बसली आहे. काकी तो उलगडत नाही आणि धूतही नाही. तिने स्वतःसाठी नवा टॉवेल घेतला.

हा हत्ती मी होताना पाहिलाय. रुपालीने तो जहाजावर केला, आमच्याशी बोलता बोलता, हाताकडे न बघता. रुपाली म्हणजे काकीची मुलगी आणि माझ्या दारासमोरच्या दारातली माझी मैत्रीण. आम्ही टेकडीवरच्या एकाच गल्लीत वाढलो. तिच्या घरचे मालवणकडचे, आजोबा गिरणीत होते. आम्ही बीडकडचे बौद्ध. दोन दारांमध्ये एक गटार आणि गटारावर एक फरशी. त्या फरशीवर आम्ही दोघी बसलो की गल्लीतली ये-जा बंद. "उठा गं भवान्यांनो," लोक म्हणायचे, आणि आम्ही न उठता नुसते पाय आखडून घ्यायचो.

हत्ती दिसला की मला आधी वास आठवतो. लिंबाचा. झाड, साल, बी यांच्याशी कसलाच संबंध नसलेल्या लिंबाचा.

रुपाली पर्यटकांच्या ज्या जहाजावर खोल्या आवरायची, ते गेल्या हिवाळ्यात मुंबईला लागलं. कामगारांच्या घरच्यांना काही तास आत येऊ देतात. नावं आधी कळवावी लागतात. रुपालीने दोन नावं दिली होती, आईचं आणि माझं. 'घरचे' म्हणून माझं नाव. हे मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं की त्याचा चोथा झाला. काकीने पहाटे उठून बांगड्याचं तिखलं केलं, डबा फडक्यात बांधला, फडकं पिशवीत ठेवलं, आणि टेकडीखाली येऊन आम्ही टॅक्सी पकडली.

मीही रिकाम्या हाताने निघाले नव्हते. माझ्याकडे बातमी होती. गल्लीच्या टोकाला समाजमंदिर आहे, त्याच्यावर एक खोली आहे. तिच्यात वर्षानुवर्षं मंडपाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या. कमिटी ती खोली अभ्यासिकेला द्यायला एकदाची तयार झाली होती. अट एकच, जबाबदारी दोघांनी घ्यायची. एकजण आजारी पडला, गावाला गेला, तरी कुलूप रोज उघडलं पाहिजे. आमच्या टेकडीवर पोरींना अभ्यासाला जागा नसते. आम्हालाही नव्हती. पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर, हॅलोजनच्या उजेडात, किडे वहीवरून झटकत आम्ही दहावी केली. आणि पत्ते खेळणारे आले की तोही कट्टा सोडायचा. तेव्हापासून आमचं ठरलेलं, एक खोली काढायची. रुपालीचा करार संपत आला होता. मी कमिटीला सांगून आले होते की दुसरं नाव रुपालीचं. तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

बंदराच्या फाटकावर तपासणी झाली. जवानाने डबा उघडायला लावला आणि रांगेतल्या सगळ्यांची नाकं वळली.

"मावशी, जेवण आत नेता येत नाही."

"माज्या चेडवाक असा ता."

"आत सगळं मिळतं हो त्यांना."

"बांगडो मिळता?"

जवानाला हे माहीत नव्हतं. त्याने साहेबाकडे पाहिलं. साहेब डब्याकडे पाहत होता.

"टाकूचा नाय मात्र," काकी म्हणाली, आणि डबा तिने जवानाच्या हातातच दिला. "तूच खा. भाकरी पण असा. डबो धुवन ठेव, येताना नेतलंय."

आणि मग आम्ही धक्क्यावर आलो आणि दोघीही थांबलो.

मी अक्षरं पत्रकांवरून शिकले. अप्पा, माझे वडील, मरोळच्या एका छापखान्यात कटिंग मशीनवर होते. ते घरी येताना कागद घेऊन यायचे. चुकलेल्या प्रती, कडा कापलेल्या, एका बाजूने कोऱ्या. मी सगळ्यांत आधी वाचलेला शब्द 'जाहीर'. त्यानंतर 'निषेध'. आणि मग 'प्रचंड'. प्रत्येक सभा प्रचंड असायची, प्रत्येक मोर्चा प्रचंड. अप्पा खांद्यावर बसवून मला त्या सभांना न्यायचे, आणि मी वरून बघायचे तर वीस-पंचवीस माणसं, दोन पोलीस आणि एक शेंगदाणेवाला. लहानपणी माझी समजूत होती की प्रचंड म्हणजे एवढंच असतं.

धक्क्यावर उभं राहून मान मागे टाकली, आणखी टाकली, तरी वरचा कठडा दिसेना. खिडक्यांवर खिडक्या, त्यांच्यावर गॅलऱ्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेलं काहीही नाही. इतक्या गॅलऱ्या आणि एक परकर नाही, एक चादर नाही. मला तो शब्द इतक्या वर्षांनी तिथे भेटला, आणि तो आमच्या बाजूचा नव्हता.

"ह्यां जहाज नाय गो," काकी हळूच म्हणाली. "आख्खां घाटकोपर आडवां करून रंगवल्यानी."

आत शिरलो आणि तो लिंबाचा वास आला, आणि गारवा. बाहेर डिसेंबरातही मुंबईचं ऊन होतं, आणि इथे दारातून पाऊल टाकताच घाम अंगावरच थंड झाला. पायाखालचा गालिचा आमच्या चपलांचा आवाज गिळत होता. काकीने एकदा पाय आपटून पाहिला. काचेच्या लिफ्ट वर जात होत्या, खाली येत होत्या, त्यांच्यात अर्ध्या चड्डीतली म्हातारी माणसं आइस्क्रीम खात उभी. कुणालाही घाई नव्हती. मी इतकी माणसं घाईविना एका जागी कधी पाहिली नव्हती. मला त्यांचा राग यायला हवा होता. राग मला येतो, मला त्याचं वळण आहे. पण आला तो राग नव्हता. मला त्यांच्या पायांचा हेवा वाटला. इतके मऊ, इतके गुळगुळीत, कुठेच पोहोचायचं नसलेले पाय.

"आई!"

रुपाली. निळा गणवेश, केस घट्ट मागे बांधलेले, आणि छातीवर बिल्ला. बिल्ल्यावर इंग्रजीत फक्त 'रू', खाली 'इंडिया'. आईला तिने इतकं आवळलं की काकीची पिशवी दोघींच्या मध्ये चेमटली. मग मला.

"काय गं, बारीक झालीस."

"तू जाड झालीस."

"दिवसभर जिने चढते यार, जाड कशी होईन? फुगलेय." ती हसली. मग काकीकडे वळली. "आई, बांगडा कुठाय?"

"दिलंय."

"कोणाला?"

"गेटीवरच्या झिलाक."

रुपालीचा चेहरा असा पडला की मला जवळजवळ आनंद झाला. एवढ्या मोठ्या जहाजावर, जिथे म्हणे रात्रंदिवस जेवण मिळतं, ती फाटकावरच्या एका अनोळखी जवानावर जळत होती. "सगळा दिलास? एक तुकडा पण नाही?" ती दोनदा म्हणाली. ही माझी रुपाली, मला वाटलं. हिला काही झालेलं नाही.

तेवढ्यात तिची खोलीतली सोबतीण आली. फिलिपाइन्सची, नाव मारिविक, गोल चेहऱ्याची. तिने येता येता, न विचारता, रुपालीच्या कानामागून सुटलेली बट पिनेत अडकवली आणि "रू, रू" करत काहीतरी सांगून गेली. रुपाली हसत "ओके, ओके" म्हणाली. एवढंच घडलं. ती बट मी दहा वर्षं अडकवली होती. शाळेच्या वाटेवर, पथनाट्याच्या आधी, ती डफ गळ्यात घालायची तेव्हा. ती बट नेहमी डावीकडचीच सुटते. हे आता अजून कुणाला तरी माहीत होतं.

एक जाड दार आलं. रुपालीने खांद्याने ते ढकललं आणि गालिचा संपला. पलीकडे लोखंड, पांढरा रंग, डोक्यावरून धावणारे पाइप, ट्रॉल्या, वीस भाषांत एकमेकांना हाका मारणारी माणसं. लिंबू जाऊन तिथे कांदा तळल्याचा, ओल्या कपड्यांचा, माणसांचा वास आला. दार मागे आपसूक मिटलं. चालता चालता एक अख्खं पत्रक माझ्या डोक्यात तयार झालं, मथळ्यासकट. एका दाराच्या जाडीएवढं अंतर, आणि असंच बरंच काही.

"दिवसाला किती खोल्या करतेस?" मी विचारलं.

"झालं सुरू."

"सांग ना. सुट्टी कधी असते?"

"कॉन्ट्रॅक्ट संपलं की." ती माझ्याकडे न बघता चालत होती. "तू इथे असतीस ना, पहिल्याच दिवशी युनियन काढली असतीस. आणि मग आम्हाला सगळ्यांना पोहत घरी जावं लागलं असतं."

मागून चालणारा एक मुलगा, बहुधा गोव्याचा, ते ऐकून फसकन हसला. ती त्याच्यासाठी बोलली होती असं मला वाटलं. आधी तिचे सगळे विनोद माझ्यासाठी असायचे.

तिची खोली म्हणजे दोन बंक, एकावर एक, एक आरसा, एक छोटा नळ. खालचा बंक तिचा. काकी त्याच्या कडेवर बसली, मी खाली. रुपालीने आईच्या मांडीवरचा टॉवेल उचलला आणि सहज, गप्पा मारत, त्याची एक बाजू गुंडाळायला लागली. पाहुण्यांच्या खोल्यांत रोज संध्याकाळी असे प्राणी ठेवावे लागतात, ती सांगत होती. हंस, ससा, माकड. माकड टांगतात, पोरांना आवडतं.

मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते.

तो अंगठा आमच्या घरातला. हिवाळा आला, डिसेंबर जवळ आला की अप्पा पत्रकांचे गठ्ठे घरी आणायचे, चैत्यभूमीवर वाटायला, आणि वर्षभर बाकीचे, रेशनचे, संपाचे, एप्रिलमधल्या जयंतीचे. गुलाबी कागद, पिवळा कागद. गठ्ठा सोडला की घरभर शाईचा आणि मशीन पुसायच्या रॉकेलचा वास. आई स्टोव्ह बाजूला सरकवायची. आम्ही जमिनीवर गोल बसायचो आणि घड्या घालायचो. मधोमध एक, मग आडवी एक, आणि घडीवरून चमच्याची पाठ ओढायची म्हणजे ती बसते. रुपालीला चमचा लागायचा नाही. ती अंगठ्याच्या बाजूने एकदाच ओढायची आणि घडी अशी पडायची की कागद पुन्हा उघडायला लाजेल. "पोरीच्या अंगठ्यात इस्त्री आहे," अप्पा म्हणायचे. माझा ढीग नेहमी लहान, कारण मी घडी घालायच्या आधी वाचायचे. अप्पांनी माझ्या वाचण्याचं कौतुक कधी केलं नाही, ते गृहीतच होतं. अंगठ्याचं मात्र रोज व्हायचं. काम संपलं की चहा आणि बटर. बटर चहात बुडवताना आमच्या बोटांचा गुलाबी रंग चहात उतरायचा आणि रुपाली म्हणायची, "बघ, क्रांती प्यायलो."

पावसाळ्यात कागद दमट व्हायचा, घडी ढेपाळायची. मे महिन्यात ती गावाला जायची, आणि मी एकटीने घातलेल्या घड्या बघून अप्पा काही बोलायचे नाहीत. जूनमध्ये ती परतायची, फणसाच्या वासाची, आणि यायची ती आधी आमच्या घरात. आता छापखाना उठलाय. अप्पा खुर्चीत बसून पत्रकं फोनवर पुढे पाठवतात, न वाचता. फोनवरच्या पत्रकाला वास नसतो, घडी नसते. ते वाऱ्याने उडून दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात पडत नाही.

आणि तो अंगठा आता परक्या माणसांच्या उशीवर ठेवायला हत्ती करत होता. दोन कान, दोन झटक्यांत. सोंड वळवून तिने तो आईच्या मांडीवर बसवला. काकी हरखून गेली. मी भयंकर जळले. इतका सुंदर होता तो.

आता सांगायचं, असं मी ठरवलं, आणि तोंड उघडलं. पण तीच आधी बोलली.

"ऐक ना, तुम्हाला दोघींना सांगायचं होतं. मी ह्या महिन्याच्या शेवटी..."

आणि भोंगा वाजला.

इथे आमच्या टेकडीबद्दल सांगायला हवं. आमच्यावरून विमानं उतरत जातात, इतकी खाली की त्यांचं पोट दिसतं, चाकं दिसतात. टेकडीवरची माणसं अशा वेळी आवाज चढवत नाहीत. थांबतात. तोंड उघडं तसंच ठेवून थांबतात, आणि विमान गेलं की त्याच अक्षरापासून पुढे निघतात. भांडणंसुद्धा. नळावर एकदा एक बाई "तुझ्या सात पिढ्यांचं" एवढं म्हणून थांबली होती. विमान सावकाश गेलं. दोघी एकमेकींकडे शांतपणे बघत उभ्या, हंडे भरत होते. मग तिने "वाटोळं होवो" म्हटलं आणि भांडण पुढे गेलं. बाहेरची माणसं आम्हाला हसतात. आम्हाला ते कळतही नाही.

जहाजाचा भोंगा विमानासारखा वरून येत नाही. तो लोखंडातून येतो, पायातून चढतो, दातांत वाजतो. निघायच्या आधी वाजवून बघतात, हे नंतर कळलं. बाहेरच्या बोळात माणसं ओरडून बोलत राहिली, कुणी हसत राहिलं. आमच्या खोलीत आम्ही तिघी थांबलो. काकीचा हात हत्तीवर, माझं तोंड उघडं, आणि रुपाली, निळ्या गणवेशातली, 'रू' लिहिलेली रुपाली, ओठ जरा विलग करून, 'शेवटी'च्या पुढे थांबलेली.

मला आठवत नाही मी त्याआधी कधी इतकी सुखी होते. बघ, मी मारिविकला मनात म्हटलं, हे तुला येत नाही. आणि तो भोंगा चालू असेपर्यंत मी ते वाक्य पूर्ण करून टाकलं. महिन्याच्या शेवटी मी परत येतेय. महिन्याच्या शेवटी हे सगळं सोडतेय. मी खोली झाडली, बांबू बाहेर काढले, भिंतीला चुना लावला, दाराशी दोघींच्या चपला काढून ठेवल्या.

भोंगा थांबला.

"...नव्या जहाजावर जातेय," रुपाली म्हणाली. "इटलीहून निघतं. ह्याच्याहून मोठं. प्रमोशन आहे, आई. दोन वर्षं तरी तिथेच."

काकी म्हणाली, "ह्याच्याहून मोठां?" आणि भिंतीकडे बघितलं, जणू ते तिथून दिसणार होतं.

मग मी बोलले. वाईट बोलले. खोलीची बातमी आनंदाने सांगायची होती, ती आरोपासारखी सांगितली. समाजमंदिर, कमिटी, अट, दुसरं नाव. आपलं ठरलं होतं, मी म्हटलं. टेकडीवर पोरी कट्ट्यावर बसतात अजून, आणि तू इथे ह्या लोकांच्या उशीवर माकडं टांग.

रुपाली चिडली नाही. ती चिडली असती तर मला जमलं असतं. तिने बंकचा पडदा धरला, साधा, जाड, तपकिरी पडदा, आणि तो सर्रकन ओढून दाखवला. पुन्हा उघडला.

"हे बघ. हा ओढला की आतलं माझं. कोणी हात लावत नाही, कोणी हाक मारत नाही. दिवा आहे आत. घाटकोपरला माझं काय होतं गं? सात माणसं आणि एक मोरी. कपडे बदलायचे तर भावाला बाहेर पाठवायचं. आपल्याला अभ्यासिका कशाला पाहिजे होती? खरं सांग. अभ्यासाला?"

मी पडद्याची कड बोटांनी चाचपली.

"मला दार लावून बसायचं होतं. तेवढंच. तुझ्याकडे पुस्तकं होती, तू त्यांच्यात घुसून बसायचीस, तुला कोणी शोधायचं नाही. मला कुठे घुसायचं?" मग जरा हळू, "खोली घे ना तू. मस्त चालवशील. मी सुट्टीवर आले की येईन."

पाहुण्यासारखी येईन, असं तिने म्हटलं नाही. ते मी ऐकलं.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या होतो आणि काकीने चपला काढल्या. तिने पाय वर घेतले, हत्ती कडेला ठेवला, बंकवर आडवी झाली आणि हात लांब करून पडदा ओढून घेतला. आतला दिवा लागला. पडद्याच्या कडेने उजेडाची एक रेघ दिसत होती. रुपालीने "आई?" म्हटलं. बाहेर ट्रॉल्या गडगडत होत्या. आम्ही तिथेच उभ्या राहिलो, मोरीत कुणी असलं की बाहेर उभं राहतात तशा.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "बरां असा गो."

आणि पडदा काही उघडला नाही. अजून थोडा वेळ नाही.

परतताना फाटकावर डबा धुऊन पुसून ठेवलेला मिळाला. काकीने पिशवीत डबा ठेवला, त्यावर हत्ती. टॅक्सीत ती पिशवी मांडीवर धरून बसली. घाटकोपरला उतरल्यावर टेकडी चढताना मध्येच थांबली, दम घ्यायला, आणि म्हणाली, "तुमच्या त्या खोलयेक खिडकी असा काय?"

"एक आहे. पाण्याच्या टाकीकडे उघडते."

"पडदो लावूक होयो," काकी म्हणाली आणि चढायला लागली.

कमिटीच्या बैठकीत रुपालीऐवजी दुसरं नाव विचारलं तेव्हा मी वहीची पानं चाळत होते. काकी दारात उभी होती, आत आलीच नव्हती. तिथूनच म्हणाली, "माजां घाला." कुणीतरी म्हणालं, काकी, तुम्ही चौथी शिकलेल्या, अभ्यासिकेत काय करणार? "कुलूप उघडतलंय," काकी म्हणाली. "तुका येता काय रोज वेळेवर उघडूक? तुजां दुकान तरी उघडता?" हशा झाला आणि नाव लागलं.

ही आता जुनी गोष्ट वाटते, इतक्या लवकर. बांबू गेले, खुर्च्यांतल्या निम्म्या दुरुस्त झाल्या. खोलीत जुन्या कागदांचा वास आहे, त्यात थोडा काकीच्या हातांचा, कोकमाच्या सोलांचा आणि मसाल्याचा. तिने जुन्या साड्या फाडून पडदे शिवले आणि दोरीवर असे लावले की कोपऱ्यात तीन लहान खण झाले. एका खणात एकच मुलगी बसते. कोणी काय वाचतं हे काकी विचारत नाही. एखादी आत नुसती झोपते, तरी विचारत नाही. कुजबुज झाली की मात्र दारातून आवाज येतो, "उगी ऱ्हवा गो, भायर जावा बोलूक." पोरी तिला घाबरतात आणि तिच्यासाठी पेरू आणतात. कुलूप लावून झालं की आम्ही दोघी फरशीवर बसतो आणि ती मला गावच्या गोष्टी सांगते, ज्या तिने, ती म्हणते, कुणाला सांगितल्या नाहीत.

परवा संध्याकाळी रुपालीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे दुपार होती, आणि एक बंदर, पिवळ्या भिंतींचं, अतिशय सुंदर. पाणी असं निळं की खोटं वाटावं. मी फोन डोळ्यांजवळ नेला.

"झकास जागा आहे," मी म्हटलं.

"असेल. मी एरवी खालीच असते." ती थकलेली दिसत होती. डावीकडची बट सुटली होती. "आई कुठाय? हल्ली फोन करत नाही मला. केला तरी दोन मिनिटं. 'पोरी इल्यात, ठेवतंय.' काल मी पेरूचं ऐकलं. कोणत्या पोरी पेरू आणतात तिला?"

"आणतात एकेक."

"आणि तुला गावच्या गोष्टी सांगते म्हणे. आजीच्या होडीची सांगितली?"

"सांगितली."

"मला नाही सांगितली ती कधी," रुपाली म्हणाली. मागून तिला कुणीतरी 'रू' म्हणून हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. "बरंय तुझं यार. माझी आई पण घेतलीस."

हसत म्हणाली ती. पण मी तिला दाराएवढ्या अंतरावरून ओळखते. ते हसणं नव्हतं. तो हेवा मी ओळखला, कारण मी त्याच्याबरोबर जहाजाच्या सगळ्या मजल्यांवर फिरून आले होते.

माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. की आई कुणी कुणाची घेत नाही, की घर सोडून जाणाऱ्यांचं आणि मागे राहणाऱ्यांचं सगळीकडे असंच असतं, की आपण दोघी एकाच बाजूच्या. चांगली वाक्यं होती, छापण्यासारखी. पण माझ्या अंगभर एक गोड, गरम, निलाजरं सुख पसरत होतं, आणि मला ते इतक्यात संपवायचं नव्हतं.

"आईला दे ना जरा," रुपाली म्हणाली.

काकी चार पावलांवर होती. पेरू कापत होती.

"थांब," मी म्हटलं. "ती कामात आहे."